टॉरिंग्टनची आठ महिन्यांची डायरी

कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी कशा हाताळायच्या, यावर पोलिसांसाठी सत्र घ्यायचं असलं की मी कायद्याची कलमं नंतर घेते. आधी फळ्यावर नुसत्या तारखा लिहिते. प्रकरण अमेरिकेतलं आहे, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, हे सुरुवातीला सांगत नाही. तारखेपुढे बाईने काय सांगितलं ते लिहिते, त्यापुढे ठाण्यातून काय उत्तर मिळालं ते. पाच-सहा ओळी झाल्या की मागच्या बाकावरचे अनुभवी हवालदारही पुढे सरकून बसतात, कारण उत्तरं त्यांच्या ओळखीची असतात.

हे प्रकरण ट्रेसी थर्मन हिचं. कनेटिकट राज्यातल्या टॉरिंग्टन या लहान शहरातलं. खाली दिलेला घटनाक्रम तिने शहराविरुद्ध केलेल्या दाव्यातला आहे आणि फेडरल न्यायालयाच्या १९८४ च्या निकालपत्रात तो तपशिलाने नोंदलेला आहे. पोलिसांना घरगुती हिंसेचं प्रशिक्षण द्यायचं की नाही, हा प्रश्न एका राज्यात या प्रकरणाने कायमचा मिटवला. त्यामुळे ते नीट, पायरीपायरीने वाचायला हवं.

तारखा

ऑक्टोबर १९८२. ट्रेसी नवऱ्यापासून वेगळी होऊन ओळखीच्या एका कुटुंबाकडे राहत होती. नवऱ्याने, म्हणजे चार्ल्सने, तिथे येऊन तिच्यावर हल्ला केला. घरमालकांनी पोलिसांना कळवलं, त्याला आमच्या घरापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं.

५ नोव्हेंबर. तो पुन्हा आला आणि जबरदस्तीने मुलाला घेऊन गेला. ट्रेसी तक्रार द्यायला थेट पोलिसांच्या मुख्यालयात गेली. बेकायदा घरात घुसल्याची साधी तक्रारसुद्धा घेतली गेली नाही.

९ नोव्हेंबर. ट्रेसी गाडीत बसलेली, चार्ल्स बाहेरून धमक्या देतोय, एक पोलीस अधिकारी तिथेच उभा राहून बघतोय. चार्ल्सने गाडीची समोरची काच फोडली, तेव्हा कुठे त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने शांतताभंगासाठी सहा महिन्यांची शिक्षा दिली, ती स्थगित ठेवली आणि दोन वर्षांची अट घातली: ट्रेसीपासून आणि ती राहते त्या घरापासून लांब राहायचं.

३१ डिसेंबर. तो त्याच घरी आला, पुन्हा धमक्या. तिने फोन करून न्यायालयाच्या अटीबद्दलही सांगितलं. पोलिसांनी त्याला शोधलं नाही.

जानेवारी ते मे १९८३. फोनवरून कितीतरी तक्रारी.

४ आणि ५ मे. गोळी घालीन अशी धमकी. या वेळी तिची लेखी तक्रार घेतली गेली, पण अटक वॉरंटसाठी थेट १ जूनला या, असं सांगितलं गेलं.

६ मे. तिने न्यायालयातून मनाई आदेश मिळवला. तो एकतर्फी, म्हणजे नवऱ्याची बाजू न ऐकता दिलेला होता, पण पूर्ण वैध होता. मारहाण, धमकी, त्रास, सगळ्याला मनाई. शहराला तो कळवला गेला.

२७ मे. आदेश मोडला म्हणून अटक करा, अशी मागणी. उत्तर: जोडून सुट्टी आली आहे, मंगळवारी बघू.

३१ मे, मंगळवार. ती ठाण्यात गेली. उत्तर: तुमचं प्रकरण बघणारा अधिकारी रजेवर आहे, तो आल्यावर या.

तिच्या एका नातेवाइकाने फोन करून विचारणा केली. ८ जूनला अटक होईल, असं आश्वासन मिळालं. ८ जून गेला.

इथे मी खडू खाली ठेवते. एका सत्रात एका हवालदारांनी अगदी मनापासून विचारलं होतं, "मॅडम, पण तपास दुसऱ्याकडे असताना आपण त्यात हात कसा घालायचा?" प्रश्न खोटा नाही. ठाण्याचं काम असंच वाटून दिलेलं असतं. त्यांना माझ्यासमोर स्वतःचा बचाव करायचा नव्हता, त्यांना खरंच मार्ग हवा होता. प्रशिक्षण म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर देणं आहे, म्हणून तो मी तेव्हापासून प्रत्येक सत्रात स्वतःहून मांडते.

१० जून १९८३

दुपारी चार्ल्स घरासमोर आला. ट्रेसीशी बोलायचंय म्हणाला. तिने आतूनच पोलिसांना फोन केला: अट मोडलीय, त्याला घेऊन जा. साधारण पंधरा मिनिटं वाट पाहिली. कोणी आलं नाही. त्याने मुलाला नेऊ नये, इजा करू नये म्हणून समजूत घालायला ती बाहेर गेली. त्याने चाकू काढला. छातीवर, मानेवर, गळ्यावर वार झाले. एकूण तेरा.

पहिल्या फोननंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी एकच अधिकारी पोचला. चार्ल्सच्या हातात रक्ताने माखलेला चाकू होता. तो त्याने खाली टाकला आणि अधिकाऱ्याच्या देखत जमिनीवर पडलेल्या ट्रेसीच्या डोक्यात लाथ घातली. मग घरात पळाला. मुलाला उचलून बाहेर आला, त्या लेकराला रक्तबंबाळ आईच्या अंगावर टाकलं आणि दुसरी लाथ घातली. एव्हाना आणखी पोलीस आले होते. तरी तो जमलेल्या गर्दीत मोकळा फिरत होता, धमक्या देत होता. ट्रेसीला स्ट्रेचरवर ठेवल्यावर तो पुन्हा तिच्याकडे निघाला, तेव्हा त्याला पकडलं.

ट्रेसी वाचली. शरीराचा काही भाग लुळा पडला.

सत्रात हा भाग वाचताना माझा आवाज आजही बदलतो. सगळ्यांचं लक्ष चाकूवर जातं. माझं त्या पहिल्या लाथेवर अडकतं. समोर गणवेशातला माणूस उभा आहे आणि मारणाऱ्याला त्याची भीती वाटत नाही. का वाटावी? गेले आठ महिने त्याला त्या गणवेशाने एकच गोष्ट शिकवली होती, की हा तुझ्या घरातला मामला आहे. चार्ल्स ज्या खाणावळीत काम करायचा, तिथे टॉरिंग्टनचे कितीतरी पोलीस जेवायला यायचे, आणि बायकोला मारून टाकणार असं तो त्यांच्यासमोर बोलून दाखवत असे, असंही दाव्यात नोंदलेलं आहे.

न्यायालयाने काय धरलं

ट्रेसीने शहरावर आणि पोलिसांवर दावा लावला. मुद्दा असा: अनोळखी माणसाने मारलं तर पोलीस एका तऱ्हेने वागतात आणि नवऱ्याने मारलं तर दुसऱ्या. हा भेदभाव अमेरिकी घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या हक्काला बाधा आणतो. शहराने दावा फेटाळण्याची मागणी केली. ऑक्टोबर १९८४ मध्ये न्यायाधीश ब्लूमेनफेल्ड यांनी ती नाकारली. केवळ नवरा आहे म्हणून पुरुषाला बायकोवर हात टाकण्याची मोकळीक मिळत नाही आणि त्याच कारणासाठी पोलीस अधिकारी हस्तक्षेप टाळू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. १९८५ मध्ये ज्युरीने चोवीस पोलीस अधिकाऱ्यांविरुद्ध २३ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढे १९ लाखांवर तडजोड झाली.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, कनेटिकटने कौटुंबिक हिंसाचार रोखण्याचा कायदा केला. सबळ कारण दिसलं तर पोलिसांनी अटक करायचीच आणि पोलिसांना या विषयाचं प्रशिक्षण द्यायचंच, या दोन गोष्टी कायद्यात आल्या.

त्याआधी प्रशिक्षण नव्हतं असं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मॉर्टन बार्ड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात अठरा पोलिसांना घेऊन घरगुती भांडणं शांत करण्याचा प्रयोग केला होता. त्यातून त्या काळच्या प्रशिक्षणाचा सूर ठरला: दोघांना वेगळ्या खोलीत न्या, दोघांचं ऐका, राग उतरू द्या, मध्यस्थी करा, अटक शेवटचा उपाय. हेतू चांगला होता. पण मध्यस्थीसाठी दोन्ही बाजू तोलामोलाच्या लागतात. एकाच्या भीतीखाली दुसरी व्यक्ती जगत असेल, तर समेट म्हणजे त्या भीतीवरच शिक्का. आपल्याकडे "दोघांना समज देऊन पाठवले" अशी नोंद होते, तेव्हा नेमकं हेच घडतं. म्हणून प्रशिक्षण दिलं का, एवढं विचारून भागत नाही. काय शिकवलं, ते बघावं लागतं.

नोंदी सुट्या वाचायच्या नाहीत

टॉरिंग्टनच्या प्रत्येक उत्तराला स्वतःपुरतं कारण होतं. सुट्टी होती, अधिकारी रजेवर होता, वॉरंटला वेळ लागतो. एकेक ओळ वेगळी वाचली तर कोणाला दोष द्यावा असा प्रश्न पडतो. सगळ्या ओळी एकाखाली एक वाचल्या तर चौथ्या-पाचव्या ओळीलाच कळतं की हा माणूस थांबणार नाही. त्या आठ महिन्यांत ठाण्यात कुणीच त्या एकाखाली एक वाचल्या नाहीत. आपलं नेमकं दुखणं तेच आहे.

आपल्याकडे या दुखण्याचं नाव एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, ज्यात न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नवऱ्याने थोबाडीत मारली, शिवीगाळ केली, मारून टाकीन म्हणाला. पूर्वी भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं लागायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२, ३५१. अदखलपात्र नोंद होते, बाईच्या हातात एक कागद येतो आणि "कोर्टात दाद मागा" असं सांगितलं जातं. पुढच्या महिन्यात वेगळा ठाणे अंमलदार, वेगळी एनसी. असे सहा-सात कागद प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, घड्यांवर फाटलेले, गादीखाली नाहीतर माहेरी ठेवलेले, आम्ही समुपदेशनात कायम बघतो. बाईने सगळे जपून ठेवलेले असतात. ठाण्यात मात्र ते एकमेकांशेजारी कधी येत नाहीत. सातही कागद टेबलावर ओळीने मांडले की तीच गोष्ट नवरा आणि त्याचे नातेवाईक यांच्याकडून होणाऱ्या क्रूरतेची म्हणून दिसू लागते. तो दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वीचं ४९८अ, आताची ८५ आणि ८६ कलमं.

४९८अ आपल्या कायद्यात आलं १९८३ च्या अखेरीस. ट्रेसीवर वार झाले त्याच वर्षी. त्या काळात आपल्याकडे वर्तमानपत्रांत स्टोव्हच्या भडक्याने गेलेल्या सुनांच्या बातम्या येत होत्या. आणि १९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसवून. पुढे तो राज्यभर पसरला आणि दुसऱ्या राज्यांनीही उचलला. मला त्याचं मोल यात वाटतं की तिथे बाईची फाइल एकच राहते. अंमलदार बदलतात, बदल्या होतात, पण ऐकणारी व्यक्ती आधीच्या भेटीत काय झालं ते सोबत घेऊन बसलेली असते. त्या हवालदारांच्या प्रश्नाला माझं अर्धं उत्तर हेच होतं. तपासी अंमलदार रजेवर असला तरी धोका रजेवर जात नाही. प्रकरण कुणाचंही असो, आज धमकी आली असेल तर आज ड्युटीवर असलेल्याने हालचाल करायची, स्टेशन डायरीत नोंद घ्यायची आणि ती आधीच्या नोंदींच्या क्रमांकांसह घ्यायची.

उरलेलं अर्धं उत्तर कायद्यात आहे, पण ते फार कमी ठाण्यांत तोंडावर असतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. तो दिवाणी कायदा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असा समज पोलिसांत घट्ट बसलाय. त्याचं पाचवं कलम मी मोठ्याने वाचायला लावते: तक्रार घेऊन आलेल्या बाईला संरक्षण आदेशाचा हक्क, संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था, मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा हक्क, हे सगळं सांगणं पोलीस अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर या कायद्याकडे बोट दाखवून गुन्हा नोंदवणं टाळता येत नाही. मग ३१ आणि ३२ ही कलमं. न्यायदंडाधिकाऱ्यांचा संरक्षण आदेश मोडणं हा गुन्हा आहे, दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केवळ बाईच्या साक्षीवर न्यायालय दोषी धरू शकतं. म्हणजे ६ मेचा आदेश हातात घेऊन आलेल्या बाईला आपल्या ठाण्यातून "कोर्टातच जा" असं सांगता येत नाही. ती कोर्टातूनच आलेली असते.

अटक

इथे वाचकाला वाटेल की मग कनेटिकटसारखी सक्तीची अटक आपल्याकडेही आणावी. माझं मत तसं नाही, आणि त्याला कारण कनेटिकटचाच पुढचा अनुभव आहे.

अटक सक्तीची झाल्यावर तिथे दोघांनाही अटक होण्याचं प्रमाण इतर राज्यांच्या मानाने खूप वाढलं. पोलीस दारात आले, नवऱ्याच्या हातावर ओरखडे, बायकोच्या गळ्यावर काहीच नाही, म्हणून दोघंही आत. प्रत्यक्षात गळा दाबला जात असताना जीव वाचवायला बाई त्याच्या मनगटांवर नखं मारते, चावते. दाबलेल्या गळ्यावर कित्येकदा बाहेरून खूण दिसत नाही. आवाज बसलेला असतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके असतात, क्षणभर शुद्ध हरपल्याचं ती विचारल्याशिवाय सांगत नाही. हे वाचायला शिकवलं नाही तर ओरखडे घेऊन आलेला नवरा फिर्यादी होतो आणि बाई आरोपी. आपल्याकडे याचंच रूप म्हणजे क्रॉस कम्प्लेंट, दोघांच्या एकमेकांविरुद्धच्या तक्रारी. अखेर कनेटिकटने कायदा बदलला, आणि १ जानेवारी २०१९ पासून दोघांतला मुख्य हल्लेखोर कोण हे ठरवणं पोलिसांवर आलं. अटकेच्या परिणामावरही अभ्यास झाले. मिनियापोलिसमधल्या १९८१-८२ च्या प्रयोगात अटकेनंतर मारहाण कमी झाल्याचं दिसलं, पण इतर शहरांत तोच प्रयोग केल्यावर सगळीकडे तसं आढळलं नाही. काही ठिकाणी बेकार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात ४९८अ खाली सरसकट अटक करू नका, अटकेची गरज कारणांसह लिहा, असं बजावलंय. काही ठाण्यांत त्याचा अर्थ "आता काहीच करता येत नाही" असा लावला गेला. तो चुकीचा आहे. गरज लिहायची म्हणजे धोका तपासायचा, आणि धोका तपासायला प्रश्न विचारता यायला हवेत.

अमेरिकेत मेरीलँडपासून सुरू झालेली आणि पुढे कनेटिकटनेही घेतलेली अकरा प्रश्नांची एक पद्धत आहे. शुश्रूषाशास्त्राच्या प्राध्यापक जॅकलिन कॅम्पबेल यांच्या संशोधनावर ती उभी आहे. घटनास्थळी आलेला पोलीस बाईला विचारतो: त्याने कधी हत्यार उगारलंय का? जीव घेण्याची धमकी दिलीय का? तो तुझा जीव घेईल असं तुला वाटतं का? या तिघांपैकी एकालाही होकार आला तरी तो तिथूनच मदत केंद्राला फोन लावतो. पुढचे प्रश्न गळा दाबण्याचे, पाळत ठेवण्याचे, संशयाचे, नुकतं वेगळं झाल्याचे. मी सत्रात हे मराठीत करून देते, पण भाषांतर म्हणून नाही. "गळा दाबला का?" विचारलं तर बाई नाही म्हणते. "मान धरली होती का? श्वास अडकला होता का?" विचारलं की हो म्हणते. "हत्यार" म्हटलं की तिला तलवार दिसते. म्हणून विळी, कोयता, बत्ता, रॉकेल, गॅसची नळी ही नावं घेऊन विचारायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात जपून विचारावा आणि त्याचं उत्तर तिच्याच शब्दांत जबाबात उतरवावं. टॉरिंग्टनच्या फळ्यावर हे प्रश्न लावून बघितले की मे महिन्यातच होकार येतात. ट्रेसीने ते सगळं सांगितलेलं होतं, तेही कोणी विचारलं म्हणून नव्हे, तर ठाण्यात स्वतः जाऊन.

जबाब घेण्याची जागाही शिकवावी लागते. सासू-नवरा समोरच्या बाकावर बसलेत आणि ठाणे अंमलदार टेबलापलीकडून मोठ्याने विचारतोय, "बोला ताई, काय झालं?" यावर ती "काही नाही साहेब, थोडी बाचाबाची" म्हणते, आणि तेच लिहिलं जातं. तिला वेगळ्या खोलीत, महिला अंमलदारापाशी बसवलं, पाणी दिलं, मेडिकलची यादी, म्हणजे वैद्यकीय तपासणीसाठीचं पोलिसांचं पत्र, देऊन आधी दवाखान्यात पाठवलं, की त्याच बाईचा जबाब दोन पानांचा होतो.

सत्राच्या शेवटच्या तासाला फळा पुसलेला असतो. मी अंमलदारांना त्यांच्याच ठाण्याची एनसीची नोंदवही उघडायला सांगते. मला दाखवू नका, तुम्हीच बघा: गेल्या वर्षभरात एकाच पत्त्यावरून, एकाच नवऱ्याविरुद्ध दोनपेक्षा जास्त नोंदी कुठे आहेत? खोलीत पानं उलटण्याचा आवाज येत राहतो. मग त्या बाईशी संपर्क कसा करायचा, याचा सराव होतो. फोन नवऱ्याच्या हातात असेल हे गृहीत धरायचं. "पोलीस स्टेशनमधून बोलतोय" हे पहिलं वाक्य नको. ती "हो" आणि "नाही"मध्ये उत्तर देऊ शकेल असेच प्रश्न: आत्ता बोलता येईल का, तो घरात आहे का, पोरं ठीक आहेत का, उद्या सकाळी आशाताईंकडे येता येईल का. तिने मध्येच फोन ठेवला तर लगेच परत लावायचा नाही, गस्तीवरच्या बीट मार्शलला त्या गल्लीतून जाऊन यायला सांगायचं. आणि वहीत, त्या पत्त्याच्या आधीच्या सगळ्या क्रमांकांखाली, आजची तारीख टाकायची.